संकटानंतर शिक्षक व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा, मग पदवी

जोडीदाराचं निधन, घटस्फोट, लांबलेलं आजारपण, बंद पडलेली कंपनी. यातून सावरल्यावर शिक्षक व्हायचं ठरवणारे पुष्कळ जण पहिली चूक पहिल्याच आठवड्यात करतात. घराजवळच्या बी.एड. कॉलेजात जातात, फी विचारतात आणि फॉर्म भरतात. दोन वर्षं आणि हातातली पुंजी खर्च झाल्यावर कळतं की मनात पहिली-दुसरीची मुलं होती आणि ही पदवी त्या वर्गांना चालतच नाही. कुणाचं जातवैधता प्रमाणपत्र वेळेत येत नाही, कुणाच्या गुणपत्रकावर एक नाव आणि आधारवर दुसरंच.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या मार्गाची आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथा मात्र आजच सुरू करा, कारण त्यातलं काम तुमच्या हातात नाही, कचेऱ्यांच्या हातात आहे.

## १. कोणत्या इयत्तेला शिकवायचं ते ठरवा

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे पूर्वीचं डी.एड. बी.एड. इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. "बी.एड. ही वरची पदवी, मग खालच्या वर्गांना का नाही?" हा प्रश्न घरातले विचारतीलच. वादात पडू नका. लहान मुलांना वाचायला-मोजायला शिकवणं हे वेगळं प्रशिक्षण आहे आणि ते बी.एड.मध्ये मिळत नाही, एवढं उत्तर पुरे.

सहावी ते आठवीसाठी दोन वाटा आहेत: पदवी अधिक डी.एल.एड., किंवा पदवी अधिक बी.एड. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

पदवी झालेल्या माणसाला डी.एल.एड. पहिली ते आठवी उघडून देतं आणि बी.एड. सहावीपासून पुढे. समाजात बी.एड.चा मान जास्त, म्हणून लोक विचार न करता तिकडे वळतात. ज्यांना खरोखर लहान मुलांत रमायचं आहे त्यांनी मानापेक्षा इयत्ता बघावी.

विषयाचाही हिशेब इथेच करा. बी.कॉम. झालेल्यांची अडचण मोठी आहे, कारण दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नसतो. एम.कॉम. आणि बी.एड. करून अकरावी-बारावीला जाणं हा त्यांचा सरळ रस्ता, नाहीतर डी.एल.एड. करून प्राथमिकला. अभियंत्यांना ५५ टक्के असतील तर बी.एड.ला प्रवेश मिळतो, पण पुढे कोणत्या पदाला ती पदवी धरली जाईल हे गेल्या भरतीच्या जाहिरातीत वाचून घ्या. प्रवेशाची पात्रता आणि नोकरीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासा: "मी ___ इयत्तेला ___ विषय ___ माध्यमातून शिकवणार" हे वाक्य तुम्हाला न अडखळता लिहिता येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## २. वयाचं गणित कागदावर मांडा

राज्यातल्या सरळसेवा भरतीत साधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे. अभ्यासक्रमाची दोन वर्षं, प्रवेशाआधीचे काही महिने आणि भरतीची वाट, हे सगळं आजच्या वयात मिळवा. भरतीची चाचणी दरवर्षी होत नाही. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये.

म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या ३६ वर्षांच्या व्यक्तीने जिल्हा परिषदेच्या शाळेवर सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. शिक्षक होण्याचा रस्ता बंद झाला असं नाही. विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित आणि सीबीएसई शाळा अनुभवी, स्थिर माणसाला बऱ्याचदा खुशीने घेतात. पण पगार, सुरक्षितता आणि निवृत्तीनंतरचं चित्र तिथे वेगळं असतं. ते आज माहीत असलं की पुढे मनस्ताप कमी होतो.

समांतर आरक्षणाचाही, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखलेल्या जागांचाही, विचार इथेच करा. महिलांना ३० टक्के, दिव्यांगांना ४ टक्के आणि अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे. अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. आजाराने वा अपघाताने कायमचं अपंगत्व आलं असेल आणि ते ४० टक्के किंवा जास्त असेल तर युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. "मला कुणाची दया नको" म्हणून हक्काचं प्रमाणपत्र न काढणारे भेटतात. हा स्वाभिमान चुकीच्या जागी खर्च होतो.

## ३. फी भरण्याआधी वर्गात उभं राहून पाहा

बरं होण्याचा उपाय म्हणून शाळेत जाऊ नका. तीस-चाळीस मुलांचा वर्ग तुमच्याकडून ऊर्जा घेतो आणि काही दिवस तर फक्त घेतोच. अजून झोप लागत नसेल, छोट्या आवाजानेही दचकायला होत असेल, तर सहा महिने थांबण्याने काही बिघडत नाही. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं, मराठीतही.

तब्येत साथ देत असेल तर किमान दोन आठवडे हे करा:

- ओळखीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि मागच्या बाकावर बसून पाठ पाहण्याची परवानगी मागा. रोज सलग निदान चार तासिका.
- वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा स्वयंसेवी वर्गात स्वतः शिकवा. घरातल्या पुतण्याला शिकवणं यात धरू नका, तो तुमचं ऐकतो.
- दिवसाच्या शेवटी तीनच गोष्टी लिहा: घसा कसा आहे, पाठ-पाय कसे आहेत, उद्या पुन्हा जावंसं वाटतंय का.

पाठीचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि केमोथेरपी घेतलेल्यांनी यातली दुसरी गोष्ट, पाठ-पायांची, गंभीरपणे घ्यावी. शिक्षकाचं बरंचसं काम उभ्याने चालतं. डॉक्टरांना "शिक्षक होऊ का?" असं मोघम विचारू नका. "दिवसाला पाच तास उभं राहून मोठ्याने बोलता येईल का?" असं विचारा.

## ४. कागदपत्रं: इथेच सर्वांत जास्त लोक अडकतात

नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या, मग वेगळ्या झालेल्या किंवा पती गमावलेल्या स्त्रियांचे कागद दोन-तीन नावांत विभागलेले असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव हा पाया धरा. माहेरच्या नावावर परत यायचं असेल किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. क्रम असा ठेवा: आधी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल किंवा मृत्यूचा दाखला, मग राजपत्र, मग आधार, मग पॅन आणि बँक. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईने केलेला बदल नंतर महागात पडतो.

सावध: नोटरीसमोर केलेल्या फारकतीच्या कागदावर विसंबू नका. न्यायालयाचा हुकूमनामा हाच घटस्फोटाचा भक्कम पुरावा.

जात आणि वैधता. विवाहित स्त्रीचा जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यांवरून निघतो, सासरच्या नाही. माहेरशी संबंध तुटले असतील तर वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या शाळेतून मिळवायला वेळ लागतो. भावाची किंवा चुलत्यांची वैधता झालेली असेल तर तिची प्रत मागून घ्या, काम बरंच सोपं होतं. जातवैधतेला महिने जाऊ शकतात. प्रवेशाच्या वेळी निव्वळ अर्ज केल्याची पावती चालेलच असं धरून बसू नका.

हरवलेले कागद. पुरात गेले, घर सोडताना राहून गेले, कुणी अडवून ठेवले: कारण काहीही असो, परत मागण्यात वर्ष घालवू नका. राज्य मंडळाची गुणपत्रकं डिजिलॉकरवर शोधा, न मिळाल्यास विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. पदवीची दुय्यम प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मिळते. गहाळ झाल्याची पोलिसांकडची नोंद आधी करून ठेवा.

खंड. शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळी मागतात. त्यात तारखा नीट लिहा आणि कारण एका ओळीत. आयुष्याची कैफियत तिथे नको.

## ५. पैशाची तजवीज

डी.एल.एड. आणि बी.एड. दोन्ही पूर्णवेळ, दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. नोकरी चालू ठेवून हे होत नाही. खर्चाचा अंदाज करताना लोक फी धरतात आणि घरखर्च विसरतात. निदान तीस महिन्यांचं रेशन, भाडं, औषधं आणि मुलांची फी मांडा: चोवीस अभ्यासक्रमाचे, बाकीचे निकाल आणि नोकरीच्या शोधाचे.

शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांची फी कमी असते. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते. तो आकडा पाहूनच बोला. सवलतीसाठी राज्याच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्क सवलत आणली आहे. वयाच्या आणि खंडाच्या अटी योजनेप्रमाणे बदलतात. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आपली केस सांगून प्रवेश पक्का करण्याआधीच उत्तर घ्या.

सावध: या सवलती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच लागू असतात. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की त्या गेल्या.

संध्याकाळी शिकवण्या घेऊन घर चालवता येतं, बरेच जण तसंच करतात. पण पुढे शाळेत शिक्षक म्हणून लागल्यावर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार खासगी शिकवणी घेता येत नाही. ती कायमची मिळकत समजून कर्ज काढू नका.

## ६. प्रवेश

डी.एल.एड.ला सीईटी नाही. बारावीच्या गुणांवर ऑनलाइन प्रवेश होतो. बी.एड.साठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते: १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमत्तेवर ४० प्रश्न, सामान्य ज्ञानावर ३०, शिक्षक अभियोग्यतेवर ३०. इंग्रजी माध्यमासाठी इंग्रजीची वेगळी चाचणी द्यावी लागते. अर्ज साधारण हिवाळ्यात सुटतात, उन्हाळ्यात जागे होणाऱ्यांचं वर्ष जातं. पदवीला (किंवा पदव्युत्तरला) किमान ५० टक्के हवेत. राखीव प्रवर्गाला सूट आहे.

कॉलेज निवडताना एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. "हजेरी नको, फक्त परीक्षेला या" म्हणणाऱ्या परराज्यातल्या कॉलेजांपासून लांब राहा. कागद पडताळणीला गेला की नोकरी आणि पैसे दोन्ही जातात. मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.बद्दलही मोठा गैरसमज आहे. दूरस्थ बी.एड. हे आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी आहे. नव्याने येणाऱ्याला तो दरवाजा नाही.

एक वर्षाचा बी.एड. परत येणार, ही बातमी दर काही महिन्यांनी फिरते. प्रवेशाची अधिसूचना हातात पडेपर्यंत तिच्यासाठी थांबू नका.

## ७. ती दोन वर्षं

हजेरीचा नियम कडक आहे: अभ्यासक्रमाला ८० टक्के, शालेय आंतरवासितेला (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) ९० टक्के. बी.एड.मधली आंतरवासिता किमान वीस आठवड्यांची असते. ज्यांच्या कोर्टाच्या तारखा किंवा दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत त्यांनी पहिल्याच महिन्यात प्राचार्यांना लेखी कळवावं आणि तपासण्या सुट्टीत घ्याव्यात. वकिलांनाही आंतरवासितेच्या तारखा देऊन ठेवा.

अभ्यासात वयाने मोठी मंडळी मागे पडत नाहीत. ती सराव पाठात अडखळतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आधीचा पेशा असतो. बँकेतून आलेला माणूस सूचना देतो, विक्रीतून आलेला बोलतच राहतो, कारखान्यातून आलेला सुपरवायझर आवाज चढवतो. सूक्ष्म पाठांत पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं असतं, जसं प्रश्न विचारणं किंवा फलकलेखन. ते कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. जुनी सवय तिथेच सुटते. पाठ टाचण दुसऱ्याचं उतरवून काढू नका. मुलं कुठे अडतील हे आधी लिहायची सवय त्यातूनच लागते.

वर्गमित्र वीस-बावीस वर्षांचे असतील. त्यांचे काका-मावशी होऊन बसू नका. गटकार्यात बरोबरीने काम करा आणि संगणकाची मदत संकोच न करता मागा.

## ८. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत

यात घोळ घालून चुकीचा फॉर्म भरणारे दर वेळी निघतात.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीसाठी सक्तीची. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी; प्रत्येकी १५० प्रश्न, अडीच तास. ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आजन्म वैध असतं. सीबीएसईची सीटेटही याच कामाची आहे, ती मराठी भाषा निवडून देता येते आणि अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षात असतानाही देता येते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे त्यांना दोन वर्षांत ती पास व्हायची आहे. तेव्हा "नंतर बघू" म्हणायला जागा उरलेली नाही.

महाराष्ट्राच्या टीईटीचा निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत लागतो. अभ्यास बालभारतीच्या पहिली ते आठवीच्या पुस्तकांपासून सुरू करा. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. दोन भाषांचे मिळून ६० गुण असतात आणि "मराठी काय, येतेच" म्हणून तिकडे दुर्लक्ष करणारे तिथेच गुण घालवतात. बालमानसशास्त्राच्या ३० गुणांसाठी व्याख्या पाठ करून भागत नाही. वर्गातला प्रसंग देऊन शिक्षकाने काय करावं, असं विचारतात.

टेट म्हणजे दुसऱ्या टप्प्यात आलेली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीची. २०० प्रश्न, दोन तास, संगणकावर: अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. इथे वेळच परीक्षा घेतो. बँकेच्या परीक्षांची तयारी केलेल्यांना ती ओळखीची वाटेल. बाकीच्यांनी घड्याळ लावून सराव करावा, कागदावर नव्हे, पडद्यावर.

सावध: गुण वाढवून देतो म्हणणारा कुणीही भेटला तर उठून चालू लागा. २०१९-२० च्या टीईटीतला गैरप्रकार उघडकीला आला तेव्हा साडेसात हजारांहून जास्त उमेदवार त्यात सापडले.

## ९. नोकरी: पवित्र पोर्टल आणि त्याबाहेर

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित खासगी शाळांतली भरती टेटच्या गुणांवर पवित्र या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलमधून होते. पोर्टलवर स्वतः भरलेल्या स्व-प्रमाणपत्रातली माहिती कागदांशी अक्षरशः जुळली पाहिजे. प्राधान्यक्रम भरून नुसतं जतन करू नका, ते लॉक झाले का ते पाहा आणि प्रत काढा. जिल्हे निवडताना लहान मुलं, वृद्ध आई-वडील, चालू उपचार यांचा विचार करा. मिळेल तिथे जाईन म्हणून प्राधान्य द्यायचं आणि रुजू व्हायच्या दिवशी नकार कळवायचा, यात एक संधी वाया जाते.

अनुदानित जागेसाठी संस्थाचालक पैसे मागत असेल, "शाळा लवकरच वीस टक्के अनुदानावर येतेय, तोवर सांभाळून घ्या" म्हणत असेल, तर चार प्रश्न विचारा. संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या यादीत) हे पद आहे का? निवड पवित्रमधून का नाही? वैयक्तिक मान्यता (तुमच्या नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी) कोण देणार? शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) कधी मिळणार? उत्तर लेखी मागा. नुकसानभरपाईचे, विम्याचे किंवा पोटगीचे पैसे एकरकमी हातात आलेल्या माणसाकडे असे लोक बरोबर पोचतात.

स्वयंअर्थसहाय्यित आणि सीबीएसई शाळांत थेट अर्ज, प्रात्यक्षिक पाठ आणि मुलाखत असते. अर्ज जानेवारी ते एप्रिल दरम्यान द्या. सुरुवातीला रजेच्या जागेवर किंवा तासिका तत्त्वावर काम मिळालं तर घ्या, अनुभवपत्र मात्र मागून घ्या.

## १०. मुलाखतीत खंडाबद्दल काय सांगायचं

दोन वाक्यं पुरेत. उदाहरणार्थ: "घरातल्या आजारपणामुळे २०१९ ते २०२२ मी नोकरी करत नव्हते. तो काळ संपला, त्यानंतर बी.एड. पूर्ण केलं आणि आंतरवासितेत सातवीला विज्ञान शिकवलं." दुसरं वाक्य कामाकडे वळलं पाहिजे. समोरचे खोदून विचारू लागले तर "त्याचा आता कामावर परिणाम होत नाही" असं शांतपणे म्हणून थांबा. खोटी कारणं देऊ नका, ती लक्षात ठेवावी लागतात.

सोसलेलं दुःख ही पात्रता म्हणून मांडू नका. समितीला सहानुभूती वाटेल आणि नोकरी मात्र ज्याचा पाठ चांगला झाला त्याला मिळेल. प्रात्यक्षिक पाठासाठी दहा-पंधरा मिनिटांत संपणारा एकच छोटा घटक निवडा, पहिल्या दोन मिनिटांत मुलांना बोलतं करा आणि शेवटी त्यांना कितपत समजलं हे तपासणारे दोन प्रश्न ठेवा. आधीच्या पेशातलं उदाहरण आणता आलं तर उत्तम. परिचारिकेने शिकवलेली श्वसनसंस्था आणि हिशेबनिसाने शिकवलेली टक्केवारी मुलांना वेगळी वाटते.

## ११. रुजू झाल्यावर

शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर जातात: जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये महिना. गृहकर्ज किंवा गाडी या काळात नको. पहिला पगार उशिरा होतो, त्यामुळे तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, वैयक्तिक मान्यतेचं पत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्या प्रती घरी वेगळ्या फाइलीत ठेवा. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह यांच्या कागदांवर वारसाचं नाव त्याच आठवड्यात भरा. घटस्फोटितांनी जुन्या खात्यांवरचं पूर्वीच्या जोडीदाराचं नाव बदललं आहे का, हेही पाहून घ्या.